कोठीवरचं कार्ड

लग्न होऊन कन्नड तालुक्यातल्या खेड्यातून मी या शहरात आले, तेव्हा आमच्या संसारात सामान मोजकंच होतं आणि ते आमच्या ह्यांनी अक्षरशः मोजून ठेवलेलं होतं. चार ताटं, सहा पेले, दोन पातेली आणि ज्वारीची एक पत्र्याची कोठी. कोठीच्या कडीला एक पिवळट जाड कागद दोऱ्यानं लटकत होता. मला वाटलं, दुकानदाराची किमतीची चिठ्ठी काढायची राहिली. तोडायला हात लावला तर हे केवढ्यानं ओरडले, "अगं अगं, ते कार्ड आहे!"

हे वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, बेअरिंगा, ग्रीसचे डबे, सगळं ह्यांच्या ताब्यात. तिथं म्हणे प्रत्येक कप्प्याला असं कार्ड टांगलेलं असतं. तारीख, आवक, जावक, शिल्लक आणि शेवटी शेरा. रद्दीत निघालेली जुन्या छपाईची कार्डं मागून आणून ह्यांनी पहिलं कार्ड लावलं ते माझ्या कोठीला.

"अहो, ही ज्वारी आहे, बेअरिंग नाही," मी म्हणाले.

"संपत आली तर कळायला नको?"

"मला कळतं. कोठीत हात घातला की कोपराला कळतं."

"कोपराची नोंद कुठं लिहू?" हे म्हणाले, आणि तेही अगदी गंभीरपणानं.

मी त्या कार्डाचा जो राग धरला तो धरलाच. दळण काढलं की संध्याकाळी मी नुसतं सांगायची, "दोन पायल्या काढल्या." लिहायचं त्यांनी. पुढं दोऱ्याच्या जागी प्लास्टिकचं पाकीट आलं, पण त्यालाही मी कधी बोट लावलं नाही. तुमचं कार्ड, तुमचं पाकीट, तुम्हीच बघा!

पहिल्या उन्हाळ्यात माझी आई एसटीच्या टपावर ज्वारीचं पोतं टाकून घेऊन आली. कोठी भरायला बसली तर हे कार्ड-पेन्सिल घेऊन समोर उभे. आईनं पहिलं माप ओतलं, हे म्हणाले, "एक."

आईचा हात थांबला. "एक नाय म्हनायचं जावईबापू. पयल्या मापाला लाभ म्हना. मंग दोन, तीन."

"मामी, स्टोअरमध्ये लाभ लिहिलं तर मला घरी बसवतील."

"मंग हितं घरीच तर हायसा," आई म्हणाली. मी पदरात तोंड खुपसून हसले. ह्यांनी मात्र एकच लिहिलं.

जाताना आई मला चुलीपाशी घेऊन म्हणाली, "लई मोजू नाय बाई, बरकत जाती. दळण काढलं की एक मूठ कोठीत मागं टाकीत जा. अन् कुनाला सांगू नको. सांगितलं की झालं."

ते मी ऐकलं. दोन पायल्या काढायच्या, दोन सांगायच्या, आणि मूठभर पुन्हा कोठीत. हात सवयीनंच मागं जायचा.

त्यातून जो गोंधळ व्हायचा तो विचारू नका. दर मार्चमध्ये नवी ज्वारी यायच्या आधी हे उरलेली मोजायचे. कार्डावर शिल्लक शून्य आणि कोठीत दीड-दोन पायल्या! हे कपाळाला हात लावून बसायचे.

"कमी निघालं असतं तर समजलो असतो. जास्त कसं निघेल?"

"जास्त निघालं तर चांगलंच की."

"काय चांगलं? जास्त निघालं म्हणजे नोंद चुकली. म्हणजे मी चुकलो."

मी भाकरी थापत राहायची. पाठमोरी, नाहीतर हसू फुटलं असतं. वर्षानुवर्षं हाच तमाशा, आणि मला तो सणासारखा वाटायचा.

त्या दिवसांची फार आठवण येते. सकाळी कंपनीची बस चौकात यायची, हे डबा घेऊन आधीच दहा मिनिटं उभे. संध्याकाळी परतले की शर्टाला लोखंडाचा आणि तेलाचा वास. कितीही धुवा, जायचा नाही. पहिली दोन वर्षं मी नाक मुरडलं, मग तोच वास आला की चहाचं आधण ठेवायची. दिवाळीला बोनस मिळाला की आम्ही तिघं गुलमंडीच्या बाजारात जायचो. लेकीला फ्रॉक, मला साडी, आणि ह्यांना? "माझ्याकडं आहे." त्याच्या आधी बोनसचा एक वाटा बाजूला निघालेला असायचा. कूलर घेऊ या म्हटलं की ह्यांचं ठरलेलं, "घेऊ, पण पुढचं काय?" आमच्याकडं मे महिन्यात पंखा गरम हवा फेकायचा आणि हे म्हणायचे पुढचं काय! कूलर आला, पण लेक दहावीला बसली तेव्हा.

तर ते 'पुढचं' एकदाचं आलं. ह्यांची अठ्ठावन्न पूर्ण झाली. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ घेऊन हे घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून टेबलाशी बसले. फंडाचे पैसे आले होते, ग्रॅच्युइटी येणार होती, महिन्याची पेन्शन म्हणाल तर भाजीपाला आणि गॅस भागेल एवढी. चार दिवस पेन्सिल, खोडरबर आणि हे. पाचव्या दिवशी कपाटाच्या दाराला आतून एक नवं कार्ड लागलं. दर वर्षाला एक ओळ. आवक व्याजाची, जावक खर्चाची, महागाई धरून. शिल्लक दर ओळीला उतरत उतरत गेलेली.

"पुरतं बरं का," हे खुशीत म्हणाले. "ऐंशीपर्यंत अगदी व्यवस्थित पुरतं."

मी ते कार्ड वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच नीट वाचलं. शेवटच्या ओळीत शिल्लक जवळजवळ शून्य आणि त्यांचं वय ऐंशी. खाली कोरी जागा.

"आणि त्याच्यापुढं?"

"ऐंशीच्या पुढं कोण जगतंय?" हे हसले. "स्टोअरचा नियमच आहे, आधी आलेला माल आधी बाहेर."

"तुमचा माल जाईल बाहेर. मी? मी तुमच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे. तुम्ही ऐंशीचे तेव्हा मी बहात्तरची. आमच्या घरातल्या बायका नव्वदी गाठतात. अठरा वर्षं मी काय खाऊ? कार्ड?"

एवढ्या जोरात बोलायचं नव्हतं मला. पण डोकं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर नटबोल्टाचा हिशेब चुकला नाही त्या माणसाचा, आणि बायकोच लिहायची राहिली! ह्यांचा चेहरा उतरला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, कार्डाकडं बघत उभे राहिले. जेवायला बसले पण दोन घासांत उठले. मलाही मग गिळवेना.

त्यानंतर आठ-पंधरा दिवस नुसती खोडाखोड चालली होती. माझ्या ओळी घालायच्या, शिल्लक संपायची, पुन्हा खोडायचं. मीच शेवटी म्हणाले, "सोडा हो, बघू पुढचं पुढं." ते म्हणाले, "नाही. बघतो मी."

त्या महिन्यापासून हे सकाळी बाहेर जायला लागले. नऊला निघायचे, साडेबाराला घरी. "बागेत बसतो चार जणांत. घरात बसून अंग आंबतं." मला बरंच वाटलं. फक्त शर्ट धुताना चिडचिड व्हायची. धूळ, काळे डाग, आणि तोच लोखंडाचा वास. "निवृत्त झालात तरी वास निघत नाही तुमचा," मी म्हणायची. "मुरलाय आता," हे म्हणायचे. मधे दोनदा ह्यांनी कागद पुढं केले, "सही कर इथं, पोस्टाचं आहे." मी केली. ह्यांनी कागद पुढं केला की मी सही करायची, असंच होतं आमच्यात.

पासष्टाव्या वर्षी हे गेले. सकाळी शर्टाची बटणं लावता लावता पलंगावर बसले, ते उठलेच नाहीत. दोन वर्षं होतील आता.

नाशिकहून लेक आली, महिनाभर राहिली. रडून झाल्यावर तीही कपाटातलं कार्ड घेऊन बसली. बापाचीच मुलगी! पेन्शन निम्मी झाली होती आणि खर्च काही निम्मा होत नाही. लाइट, गॅस, नळपट्टी एकट्या बाईलाही तेवढीच. मधल्या वर्षांत ह्यांच्या दवाखान्यात थोडे पैसे गेले होते. कसंही फिरवून आणलं तरी माझ्या बहात्तराव्या वर्षीच संपत होतं.

"आई, घर विकू आणि तू माझ्याकडं चल," ती म्हणाली. प्रेमानंच म्हणाली. जावई चांगले आहेत, तक्रार नाही. पण लेकीच्या घरी साखरेच्या डब्याला हात लावतानासुद्धा मी विचारलं असतं, आणि मला विचारून साखर खायची नव्हती. मला माझ्या घरात राहायचं होतं. ह्याच ओट्यापाशी, ह्याच कोठीपाशी. "उन्हाळ्यापर्यंत थांब, मग ठरवू," एवढं बोलून मी तिला पाठवलं आणि दार लावून खूप रडले. ह्यांच्यावर चिडूनही रडले. बघतो म्हणाले होते. काय बघितलं?

मार्चमध्ये कोठी रिकामी करायला घेतली. आता एकटीला कशाला एवढी ज्वारी, कोठी मोडीत द्यावी म्हणून. त्यासाठी ते पाकीट सोडवायला हवं होतं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याला हात लावला. चांगलं जाड लागलं. आत सगळ्या वर्षांची कार्डं. खाली बसून एकेक बघत गेले. दर मार्चला शेरा, "जास्त २ पायली. कारण?" पुढच्या वर्षी, "जास्त दीड पायली. कारण??" लेक चौथीत होती त्या वर्षीचा शेरा होता, "जास्त २ पायली. कारण कळलं." आणि त्यानंतर दरवर्षी, "जास्त. बरोबर."

लबाड माणूस! म्हणजे कधीतरी माझी मूठ मागं जाताना बघितली होती. आणि तरी दरवर्षी कपाळाला हात लावून बसायचे! इतकी वर्षं मी पाठमोरी हसत होते, आणि हे मागं बसून हसत होते.

सगळ्यात मागं पोस्टाचं पुस्तक निघालं. माझ्या नावाचं. पाच वर्षांची आरडी पूर्ण होऊन त्याचीच पुन्हा ठेव केलेली, आणि पुढं दुसरी आरडी चालू. पुस्तकाला गुंडाळलेलं आणखी एक कार्ड. वर लिहिलं होतं, "वस्तू: मूठ." खाली महिन्यामहिन्याची आवक, आणि पुढं "शहागंज, हार्डवेअर." जावकाचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. ओळींना आकडे घातलेले होते, दोन, तीन, चार, असे ब्याऐंशीपर्यंत. पहिल्या ओळीला मात्र एक नव्हता. तिथं त्यांच्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, "लाभ".

कार्ड छातीशी धरून मी तशीच बसून राहिले. ज्वारी सगळी फरशीवर.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून शहागंजला गेले. विचारत विचारत दुकान सापडलं. ह्यांचं नाव सांगताच दुकानाचे म्हातारे मालक गल्ल्यावरून उठले. "आओ भाभी, बैठो. साब के कार्ड अब्बी बी वैसेच लटके हैं, देखो." आत बघितलं तर खिळ्यांच्या, स्क्रूंच्या, बिजागऱ्यांच्या प्रत्येक खणाला एकेक कार्ड, आणि प्रत्येकावर ह्यांचं अक्षर. दुकानभर तोच वास. मी पाणी प्यायले, चहा नको म्हणाले, आणि थोडा वेळ उगाच बसून राहिले.

घरी येऊन पेन्सिल घेतली. कपाटातल्या कार्डावर पोस्टाची रक्कम मिळवली आणि माझ्या ओळी मीच लिहिल्या. वयाच्या एक्क्याऐंशीपर्यंत आल्या. नव्वद नाही. पण पुढचं मी ओढीन, मला ओढता येतं. मग फरशीवरची ज्वारी भरून पुन्हा कोठीत टाकली. पहिल्या मापाला लाभ म्हणाले, मोठ्यानं.

लेकीला फोन केला. म्हटलं, "मी येत नाही. दिवाळीला येईन, पाहुणी म्हणून."

"आई, अगं पण पैसे पुरतील का?"

"पुरतील. तुझ्या बाबांनी बघितलंय."

"म्हणजे? किती आहेत?"

"ते नाही सांगणार," मी म्हणाले, आणि डोळे पुसून दळण काढायला उठले.