दुसरा साचा

डोनट मी आयुष्यात पाहिला नव्हता आणि मी निघाले होते त्याच्या भोकाचे गोळे शिकायला. दहावीची परीक्षा संपलेली, नव्वदीतली ती सुट्टी. कोल्हापुरात राजारामपुरीत एक बाई घरीच बेकिंगचे क्लास घ्यायच्या. गडमुडशिंगीहून रोज दुपारी बसनं मी तिकडं जायची. मधे भोक असलेला गोड वडा म्हणजे डोनट, त्या भोकातून निघालेला गोळा म्हणजे डोनट होल, आणि आपण तो तळायचा नाही, ओव्हनमधे भाजायचा, असं बाईंनी सांगितलं. घरी येऊन मी हे सगळं वडिलांना, म्हणजे आप्पांना, सांगितलं. ते हसून म्हणाले, की वडा दुसऱ्यांनी खाल्ला आणि भोक तेवढं आपल्या वाट्याला आलं म्हणायचं.

आप्पा फाउंड्रीत मोल्डर होते. वाळूचे साचे करायचे आणि त्यात वितळलेला धातू ओतायचा, हे त्यांचं काम, पंचवीस वर्षं. वाळू मुठीत दाबून ते सांगायचे की पाणी किती आहे. त्यांचा हात चुकत नाही असं अख्ख्या कंपनीत बोललं जायचं, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. माझं पीठही ते तसंच तपासायचे. आमच्या घरात अंडं चालत नव्हतं, म्हणून मैद्यात दही, पिठीसाखर, सोडा आणि जायफळ. आप्पा गोळा मुठीत दाबायचे, मूठ उघडून बघायचे आणि म्हणायचे, वल्लं हाय, अजून मैदा घाल. त्यांनी सांगितलं तेवढा मैदा घातला की बरोब्बर जमायचं.

पण गोळे काही गोल होईनात. आमच्याकडे तो घुमटाच्या झाकणाचा, विजेवरचा गोल ओव्हन होता. त्याच्या सपाट ताटात पीठ पसरायचं आणि बिस्किटं व्हायची. आप्पेपात्रात करून बघितले, तर खालून कोळसा आणि वरून कच्चे. क्लासच्या बाईंकडे बारा खळग्यांचा साचा होता, परदेशातून कुणीतरी आणलेला, पण त्या तो कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मी आप्पांच्या मागं लागले. रोज संध्याकाळी तेच तुणतुणं. शेवटी ते म्हणाले, गप बस माझ्या आई, देतो करून.

सुताराकडून लाकडाचे गोळे आणून त्यांनी अर्धे कापले आणि फळीवर ठोकले. कंपनीतून पोत्यात वाळू आणली, धातू वितळवायची एक जुनी मूस आणली. सुट्टीच्या दिवशी सकाळी परसात भट्टी लावली. अॅल्युमिनियमची फुटकी भांडी मुशीत वितळायला लागली. आई पाण्याची कळशी घेऊन तिकडून निघाली, तर आप्पा तिच्यावर खेकसले, की पाण्याचा थेंबसुद्धा इकडं आणायचा नाही, तापल्या धातूत पडला तर सगळा अंगावर उडंल. ती तोंड वाकडं करून लांबून गेली. मी तिथंच उभी होते. सगळं ऐकलं होतं.

पहिला साचा झकास निघाला. बारा खळगे, गुळगुळीत. मी नाचले. तेवढ्यावर भागलं असतं, पण माझी हाव. एक ओव्हनमधे असेल तेव्हा दुसरा भरता येईल, अजून एक करा की, म्हटलं. आप्पांनी मुशीत बघितलं, धातू थोडा कमी पडत होता. काहीतरी आण भंगारातलं, म्हणाले.

मी माळ्यावरून दुधाच्या पातेल्याचं जुनं झाकण काढलं. त्यावर धूळ, कोळ्याची जाळी. आता यात खायची वस्तू व्हायची, असलं घाण कसं द्यायचं? मोरीवर नेऊन मी ते राखेनं घासलं, दोन पाण्यानं धुतलं, पदरानं पुसावं तसं ओढणीनं पुसलं. लख्ख दिसत होतं. त्याची कड आत वळलेली होती, त्या वळणात पाणी राहिलं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. का आलं नाही? सकाळी तर कळशीवरून एवढं ऐकलं होतं. अजून मी स्वतःला हेच विचारते.

कंपनीत असलं भंगार आधी भट्टीच्या काठावर तापवत ठेवायची पद्धत होती. त्या दिवशी धातू तयार होता, मी घाई करत होते.

"कोरडं हाय न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.

त्यांनी झाकण पकडीनं दुमडलं आणि मुशीत घातलं. स्फोट झाला. धातू वर उडाला आणि आप्पांच्या तोंडावर बसला. ते ओरडले नाहीत, फक्त खाली बसले आणि उजवा हात डोळ्यावर धरला, आणि तो हातही भाजत होता. आई धावत आली. शेजाऱ्यांच्या टेम्पोतून त्यांना कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. उजवा डोळा गेला. उजव्या हाताची दोन बोटं आखडली ती कायमची.

चौथ्या दिवशी आई चहा आणायला खाली गेली, तेव्हा मी खाटेशी बसून सांगून टाकलं, की झाकण मी धुतलं होतं.  आप्पा म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं. पण मी समद्यास्नी सांगून बसलोय, की मी बघितलं न्हाय, माझी चूक. आता तू बोललीस तर मी खोटा पडतो. आणि बापाचा डोळा घालवलेली पोरगी म्हणून तुला नावं ठेवतील. तुझं लगीन व्हायचं हाय. गप ऱ्हा."

मी गप्प राहिले. तेवढं मात्र मला चांगलं जमलं.

मोल्डरचं काम गेलं. कंपनीनं त्यांना गेटवर बसवलं. जाता-येता जुने सोबती चेष्टा करायचे, की पंचवीस वर्षांचा मोल्डर आणि वल्लं भंगार मुशीत घालतो व्हय? आप्पा हसायचे. घरी आईचं तोंड सुरू असायचं. अक्कल कुठं गहाण टाकली होती, पोरीच्या खुळासाठी संसाराचं वाटोळं केलं, एवढं साधं कळू नये का, हे सगळं ती त्यांना ताटावर बसल्या बसल्या ऐकवायची. ते डाव्या हातानं भाकरी मोडत राहायचे. मी समोर बसलेली असायची. माझ्याकडे ते चुकूनही बघायचे नाहीत, आणि मला त्याचं बरं वाटायचं. लाज वाटते सांगायला, पण बरं वाटायचं.

लग्न होऊन मी हातकणंगल्याला आले. साचा आईनं अडगळीत टाकला होता, तो मी गुपचूप बरोबर आणला. मुलं झाली, चांगला ओव्हन आला. आप्पा रेल्वेनं यायचे तेव्हा मी ते गोळे करायची, गरम असतानाच तुपात बुडवून पिठीसाखरेत घोळवायची. पीठ अजून तेच बघायचे, आता डाव्या मुठीत. वल्लं हाय, म्हणायचे. त्यापलीकडे त्या दिवसाविषयी आम्ही एक अक्षर बोललो नाही. दोन हजार सात साली ते गेले.

महिन्याभरानं आईला मी माझ्याकडे आणलं. एका दुपारी मुलांनी हट्ट केला म्हणून गोळे करायला घेतले. आईनं कट्ट्यावर साचा बघितला आणि तिचं सुरू झालं. ह्या भोकांपायी डोळा गेला. कुणाचं ऐकायचं न्हाय, बघायचं न्हाय, सारी जिंदगी तसाच आगाऊपणा. मेलेल्या माणसालाही ती सोडत नव्हती. माझे हात पिठात होते. पीठ कोरडं आहे की ओलं, सांगायला आता कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "आई, झाकण मी धुतलं होतं. त्यांनी विचारलं, कोरडं हाय का, आणि मी व्हय म्हटलं. त्यांनी मला बोलू दिलं न्हाय."

आई खुर्चीवर बसली. मला वाटलं, आता माझ्या तोंडात मारेल. मारलं असतं तर चाललं असतं.

"ताटावर बसवून बोलत होतो गं मी त्यास्नी," ती म्हणाली. "रोज."