उतरून पाहायचं शेत

ब्रश दातात धरायचा, एक डोळा मिटायचा आणि भिंतीकडे तोंड ठेवूनच उलट्या पावली मागे मागे चालत जायचं, ही पेंटरभाऊंची सवय. दहा-बारा पावलं झाली की ते थांबत आणि जवळ जो कोणी असेल त्याला विचारत, "यश्टीतून दिसते का?" या उलट्या चालण्यापायी ते दोनदा नालीत आणि एकदा भजेवाल्याच्या बाकावर जाऊन पडले होते. बाकावर एक गुरुजी बसलेले होते. पेंटरभाऊंनी उठून कपडे झटकले आणि त्या गुरुजींनाच विचारलं, "तुमाले दिसते का?"

असा पेंटर तुमच्याही गावात असेल. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, शाळेवरचे सुविचार आणि रस्त्याकडेच्या भिंतींवरच्या जाहिराती, सगळं एकाच हातचं. पांढरकवड्याहून कोणत्याही दिशेला निघालात तरी पंधरा-वीस किलोमीटर पेंटरभाऊंचं अक्षर तुमची सोबत सोडत नसे. मग फ्लेक्स आला. माझा पांढरकवड्यात कॉम्प्युटर क्लास होता आणि क्लास चालेना म्हणून मी फ्लेक्सची डिझाइन करून द्यायचो. म्हणजे पेंटरभाऊंच्या पोटावर जो पाय आला, त्या पायातली एक चप्पल माझीच होती. त्यांनी कधी राग धरला नाही. दुकानात येऊन टांगलेला फ्लेक्स दोन बोटांनी चिमटून बघायचे आणि म्हणायचे, "सर, उन्हाळा निघन का याचा?" उन्हाळा कधीच निघायचा नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

माझा कॉलेजातला मित्र निखिल पुण्यात नोकरी सोडून मोबाइलवरचा गेम बनवत होता. एक बकरी दावं तोडून पळते, गावातून, बाजारातून, शेतातून जंगलापर्यंत, एवढीच गोष्ट. बकरी जागच्या जागी पाय हलवणार आणि मागचं चित्र सरकत राहणार. हे मागचं चित्र त्याला हातानं रंगवलेलं, कार्टूनसारखं आणि आपल्याकडचं हवं होतं. मी पेंटरभाऊंना विचारलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "किती फूट?"

मी पिक्सेल सांगितले. ते समजल्यासारखी मान हलवून म्हणाले, "हाव. पण फुटात सांगा न बाप्पा."

मी ड्रॉइंग पेपर आणून दिला. चार दिवसांनी तो कोराच परत आला. एवढ्याशा कागदावर त्यांचा हात चालेना. त्यांचा हात खांद्यापासून चालायचा, मनगटापासून नाही. शेवटी त्यांनीच तोड काढली. गावाबाहेरची एक जिनिंग, कापसातली सरकी काढायची गिरणी, बंद पडली होती. कापसाचेच हाल होते तर जिनिंगला कोण विचारतो! तिच्या कंपाउंडची लांबलचक भिंत मोकळी होती आणि चौकीदार पेंटरभाऊंचा दोस्त होता. अशा रीतीनं तळहाताएवढ्या मोबाइलच्या ज्या कामाला हातभर कागद पुरला असता, त्या कामाला आम्ही चाळीस फुटांची भिंत घेतली. पेंटरभाऊ रंगवायचे आणि मी कॅमेरा छातीशी धरून खेकड्यासारखा आडवा चालत तुकड्यातुकड्यांनी फोटो काढायचो.

"कार्टून म्हणजे कसं?" त्यांनी विचारलं. मी टीव्हीवरची दोन-चार दाखवली. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर भिंतीवरच्या प्रत्येक वस्तूला डोळे! डोंगराला डोळे, विहिरीला डोळे, बाभळीला डोळे आणि वर मिशा. निखिलनं फोटो पाहून फोन केला, "अरे, ती बकरी घाबरून घरी परत जाईल."

"डोळे काढले तं मंग कार्टून कायचं?" पेंटरभाऊ रुसले. मी समजावलं की रेष जरा वाकडी, वस्तू जरा फुगलेली, मोठं ते फार मोठं आणि बारीक ते फार बारीक.

"म्हणजे हातून बिघडते तसं?"

"हो, तसंच म्हणा."

"आता सांगून राह्यले तुमी! तीस वर्सं बिघडू नये म्हणून जीव काढला माह्या गिऱ्हाइकायनं."

पण एकदा उमगल्यावर त्यांनी जे बिघडवलं, त्याला तोड नव्हती. बाजारातले भोपळे बैलांएवढे, भजेवाल्याची कढई तलावाएवढी, एका पोलिसाचं पोट पूर्ण तीन फूट. आणि एक गोष्ट मला त्यांना शिकवावी लागली नाही. गेममध्ये खोली वाटावी म्हणून मागची चित्रं वेगवेगळ्या वेगानं सरकवतात. हे कसं सांगावं म्हणून मी तासभर तयारी करून गेलो होतो. पेंटरभाऊ म्हणाले, "त्यात काय! यश्टीत खिडकीशी बसलं का जवळचं कुंपण पळते, शेत चालते अन् डोंगर आपल्यासंगंच येते. तीन भिंती लागतीन." तीन थर त्यांनी तीन वेगळ्या पट्ट्यांत रंगवले. आयुष्यभर त्यांनी पळत्या माणसासाठीच चित्रं काढली होती.

एक खोड मात्र गेली नाही. प्रत्येक पट्टी संपली की उजव्या कोपऱ्यात स्वतःचं नाव, पुढे "पेंटर" आणि मोबाइल नंबर. मी फोटोतून तो नंबर पुसत असे आणि त्यांना सांगत नसे.

भांडण झालं ते कापसावरून.

गाव झालं, बाजार झाला, आता बकरी कापसाच्या शेतातून पळणार होती. मला वाटलं, हे तर त्यांच्या हातचं काम. बियाण्याच्या जाहिरातींसाठी त्यांनी शेकडो भिंतींवर कापूस काढला होता. त्यांचं नारळाएवढं फुटलेलं बोंड सगळा तालुका ओळखायचा. मी फोटो काढायला गेलो तर भिंतीवर गुडघ्याएवढी झाडं, लालसर पडलेली पानं आणि झाडाला चार-दोन बोंडं, तीही बोराएवढी. दहा पावलं मागे गेलो तर बोंडं दिसेनात.

"पेंटरभाऊ, हे काय? सगळं फुगवलं आणि कापूसच बारीक?"

"कापूस असाच हाये सध्या."

"पण कार्टून आहे ना! बोंडं करा टरबुजाएवढी. यष्टीतून दिसायला नको का?"

"हे यश्टीतून पाहाचं नाही," ते म्हणाले. "हे उतरून पाहा लागते."

निखिलनंही फोटो परत पाठवला, बोंडं मोठी करा म्हणून. मी तसं सांगितल्यावर पेंटरभाऊंनी ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवले, डबा सायकलला अडकवला आणि निघून गेले. आठ दिवस फिरकले नाहीत. मला राग आला. पेंटरनं भिंतीशी हट्ट करावा, गिऱ्हाइकाशी नाही, असं काहीतरी चौकीदाराला मी ऐकवलंसुद्धा. नवव्या दिवशी मीच त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीत बसून एका ट्रकवाल्याची नंबर प्लेट रंगवत होते. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि मान वर न करता सांगितलं.

त्यांची एकुलती धाकटी बहीण मारेगावच्या रस्त्यावरच्या एका गावात दिलेली. तिचं घर अगदी रस्त्याला लागून. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका बियाण्याच्या जाहिरातीचं काम आलं, तेव्हा पेंटरभाऊंनी हौसेनं बहिणीची भिंत निवडली आणि हात सैल सोडून बोंड काढलं. रस्त्यानं जाणारे थांबून बघत. जावई, म्हणजे बहिणीचे यजमान, तर रोज बघायचे. त्या वर्षी त्यांनी सगळ्या वावरात तेच बियाणं पेरलं. लाल्या रोग आला, पानं तांबडी झाली, बोंडं सुपारीएवढी राहिली. जावयांनी वावर दुसऱ्याला मक्त्यानं दिलं आणि राजूरच्या कोळशाच्या खाणीवर कामाला लागले. बहिणीनं माहेर तोडलं. भाऊ दारात गेला की दार लोटून घ्यायची.

"तिले मी म्हणलं, बाई, बियाणं माह्यं नव्हतं. मी रंगवणारा," पेंटरभाऊ म्हणाले. "तं म्हणते कशी, बोंड तं तुह्यं होतं न? तुह्या हातचं हाये म्हणून भरोसा ठेवला आमी. दिवाळीले तीन भित्ताडायले चुना देते अन् ते एक भित्ताड तसंच ठेवते. ते बोंड मिटू देत नाही. आता सांगा सर, मी अजून मोठं बोंड काढू?"

माझी मलाच लाज वाटली. दुकानात परत येऊन मी निखिलला फोन केला. तो आधी चिडला आणि मग त्याच्या धंद्यातलं उत्तर त्यानं दिलं, "एवढी बारीक बोंडं पळताना दिसणार नाहीत. त्या शेतात बकरी पळणार नाही, चालेल." सगळ्या गेममध्ये तेवढीच एक जागा अशी आहे की बकरी चालते.

पेंटरभाऊ कामावर आले. शेताच्या टोकाला त्यांनी एक घर काढलं. कौलं, दारात तुळस, बाजेवर वाळत घातलेली तूर. रस्त्याकडची भिंत पांढरी ठेवली.

गेम आला. मोजक्या लोकांनी खेळला, निखिल पुन्हा नोकरीला लागला. पेंटरभाऊंनी एकदाच विचारलं, "तिले दाखवता येईन का? मी फाट्यावर थांबतो."

मी फाट्यावर त्यांना सोडून मोबाइल घेऊन बहिणीच्या दारात गेलो. कोणाकडून आलो ते सांगितलं. तिनं दार लोटलं नाही, पण बसाही म्हटलं नाही. मी उभ्याउभ्याच खेळायला लागलो. बाजारातल्या पोलिसाचं पोट पाहून ती हसली आणि लगेच गंभीर झाली. शेत आलं. बकरी चालायला लागली. तिनं मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांशी नेला.

"अश्शीच होती बोंडं," ती म्हणाली. "पानं बी अशीच झालती."

मग घर आलं. ती बघत राहिली. बकरी घर ओलांडून जंगलात गेली तरी तिची मान वर झाली नाही.

"कुठं हाये तो?"

"फाट्यावर."

"उन्हात कायले उभं केलं त्याले? बलवा न!"

पेंटरभाऊ आले. दोघांपैकी कोणीही क्षमाबिमा मागितली नाही. तिनं आत जाऊन दिवाळीसाठी भिजवलेल्या चुन्याची बादली आणली आणि त्या भिंतीपाशी ठेवली. "दादा, हे मिटव आता," एवढंच म्हणाली. जुना ऑइलपेंट, चुन्याचा एक हात दिला तरी बोंड आतून दिसतच होतं. दुसऱ्यालाही दिसलं. मध्ये वाळायला वेळ द्यावा लागे, तेव्हा दोघं सावलीत बसून कोणाचं लग्न झालं, कोण वारलं, असं आठ-नऊ वर्षांचं बोलत. पेंटरभाऊ मधूनच रडत होते आणि बहीण त्यांना ओरडत होती की चुन्याचा हात डोळ्याला लावू नको. चौथ्या हाताला बोंड गेलं. संध्याकाळी तिनं दोघांना जेवायला वाढलं. मला वरण जरा जास्तच वाढलं, असं मला वाटतं.

पेंटरभाऊ पुढे दोन वर्षांनी गेले. जिनिंगची भिंत पाडून तिथे प्लॉट पडलेत. तो गेम आता नव्या फोनवर चालत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या बहिणीच्या गावाला गेलो होतो. बाई ओसरीत तूर निवडत होत्या. तेवढ्यात कुठल्याशा कंपनीचा एक माणूस गाडी थांबवून आला. रस्त्यावरची अशी मोक्याची भिंत कोरी पाहून त्याला राहवलं नसावं. जाहिरात रंगवायची आहे, भिंत देता का, असं त्यानं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

"काहून मावशी? रिकामीच तं हाये."

बाईंनी सूप खाली ठेवलं आणि भिंतीकडे पाहिलं.

"रिकामी नाही," त्या म्हणाल्या. "माह्या भावानं रंगवली हाये."