नारळाला डोळे असतात

आमच्या मुरुडकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांत एक समज पक्का आहे: नारळाला डोळे असतात, तो बघून पडतो. सज्जनाच्या डोक्यात कधी पडत नाही. आयुष्य माडाखाली गेलेली माणसं हे इतक्या खात्रीने सांगतात की वाद घालायची सोय नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर वडील सकाळी डोकं धरून बसू लागले. उलटी व्हायची. आईने पित्त म्हणून आमसुलाचं पाणी सुरू केलं. मग ते बसल्याजागी पेंगू लागले. वाडी शिंपायचा पंप बंद करायला विसरायचे, उजव्या पायातली चप्पल निसटायची. मी म्हटलं, वय झालं. शाळेत विज्ञान शिकवते मी, आणि अक्कल ही एवढी.

अलिबागच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं.

"मावशी, डोक्याला कुठे मार लागला होता का?"

"न्हाय," आई म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा न्हायच म्हणाली.

स्कॅनमध्ये कवटीच्या आत साचलेलं जुनं रक्त दिसलं. डॉक्टरांनी मला समजावलं. डोक्यात जागा मोजकीच. मेंदू, रक्त आणि थोडं पाणी. कवटी ताणली जात नाही, म्हणून रक्त साचलं की दबतो तो मेंदू. तो दबत गेला की माणूस आधी झोपाळतो, आणि शेवटी श्वास चालवणारा भागच बंद पडतो. "आज पेंगतायत. उद्या हाक मारून उठणार नाहीत."

तेव्हा आईने तोंड उघडलं. महिन्यापूर्वी वाडीत असोला नारळ, काथ्याच्या सोडणासकट, त्यांच्या डोक्यात पडला होता.

"तेच बोलले, कुणाला सांगू नको. लोक म्हणतील, काय पाप केलं असंल."

मला तिचा भयंकर राग आला. "मग आता ती अब्रू घेऊन बस," म्हणाले मी. दवाखान्यातली माणसं वळून बघायला लागली.

त्याच दिवशी पनवेलला नेऊन कवटीला दोन भोकं पाडली, रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी डोळे उघडले आणि मला विचारलं, "पंप बंद केलास काय?" मी तिथेच रडले.

घरी आणल्यावर माणसं बघायला येऊ लागली. शेजारचे काका टाके निरखत म्हणाले, "कसं काय झालं हे?"

वडील माझ्याकडे बघत राहिले. आई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

"न्हाणीत घसरले," मी म्हणाले.