ऊन चालणार नाही

"नाही मॅडम, ऊन बिलकुल लागू नाही देलं," वनिता म्हणाली. हे ती तिसऱ्यांदा सांगत होती.

मी भिंग घेऊन तिच्या गालाजवळ वाकले होते. तीन आठवड्यांपूर्वी याच खुर्चीत बसवून तिच्या गालांवरचे आणि नाकावरचे तांबूस ठिपके मी लेझरने काढले होते. ठिपके गेले होते. पण त्यांच्या जागी करडे-काळे डाग आले होते, आधीपेक्षा मोठे आणि एकमेकांत मिसळलेले. लेझरनंतर रोज कडक उन्हात उभं राहिलं की असं होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि डोळ्यांनीही पाहिलं होतं. आणि ही बाई म्हणत होती, ऊन लागलंच नाही. माझं डोकं चालेना.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन यवतमाळला आले आणि इथेच स्किनचा दवाखाना टाकला. कापसाचे वाईट दिवस होते ते. पेपरात रोज यवतमाळचं नाव असायचं आणि साताऱ्याहून आई फोन करून विचारायची, तुम्ही बरे आहात ना. माझ्या ओपीडीत मुख्यतः गजकर्ण, खरूज आणि फवारणीने सोललेले हात. असल्या ठिकाणी लेझर कोण करून घेणार, असं सगळे म्हणत. म्हणून मी हट्टाने मशीन भाड्याने घेतली. महिन्यातून दोन रविवार ती नागपूरहून जीपमधून यायची, आणि सोबत यायचे रशीदभाई, मशीनचे टेक्निशियन. ते मूळ उमरखेडचे. वडिलांच्या गॅरेजमध्ये जीपची इंजिनं खोलता खोलता हा माणूस लेझरपर्यंत पोचला होता.

वनिता मारेगावजवळच्या एका गावातली. वय सव्वीस-सत्तावीस, वर्ण चांगलाच गोरा, आणि त्यावर लहानपणापासून ठिपके. इंग्रजीत फ्रेकल्स म्हणतात. वांग वेगळा, तो पसरट असतो. हे ठिपके आईबापाकडून येतात आणि त्यांचा काही त्रास नसतो. तिला मात्र त्रास होता. तिच्या बचत गटाकडे शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवायचं काम होतं आणि ते काम ती करायची. मध्यंतरी कुष्ठरोगाच्या सर्व्हेवाले गावात येऊन गेले. अंगावर चट्टा दिसला की कळवा, असं सांगून गेले. झालं. पोरांच्या आया वनिताच्या गालाकडे बघायला लागल्या.

"बाया म्हणतेत, हिच्या तोंडावर चट्टे हायत, हिच्या हातचं पोरायले नको," ती पहिल्या भेटीत म्हणाली होती. "मले साफ करून द्या मॅडम. काम गेलं तर मी काय करू?"

मी ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. ठिपके बघितले आणि मला मशीन दिसली. खोटं कशाला बोलू, मला केस हवी होती. तिच्याकडून नावापुरतेच पैसे घ्यायचे, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

लेझरचं काम सोपं करून सांगते. हा एका विशिष्ट जातीचा प्रकाश असतो. तो फक्त गडद रंगात शोषला जातो, बाकीच्या कातडीला फारसं काही करत नाही. ठिपक्यातल्या रंगाचा भुगा होतो आणि तो भुगा शरीर हळूहळू उचलून नेतं. आठवडाभर ठिपक्यावर बारीक काळी खपली असते, ती आपोआप पडते. खाली नवी, कोवळी कातडी असते. खरी काळजी तिची घ्यायची. तिला ऊन लागलं की ती बिथरते आणि स्वतःला वाचवायला भसाभस रंग तयार करते. म्हणून मी प्रत्येक पेशंटला तेच सांगते. वनितालाही सांगितलं होतं, "जरा भाजल्यासारखं होईल, आग होईल. खपली काढायची नाही. हे क्रीम रोज सकाळी लावायचं. आणि ऊन अजिबात चालणार नाही. ऊन टाळायचं म्हणजे टाळायचं."

तिने मान डोलावली होती. मग हे कसं झालं?

मी मशीनपासून सुरुवात केली. "रशीदभाई, त्या दिवशी एनर्जी किती ठेवली होती?" एनर्जी म्हणजे प्रत्येक झटक्याची ताकद. ती जास्त झाली तर कातडी भाजते.

रशीदभाईंनी वही काढली. "मॅडम, तुमीच सांगतली तितकीच. आन कानामागं टेस्ट बी मारलती. मशीन एकदम ओके है."

कानामागे आधी एक झटका मारून बघतात, त्याला टेस्ट स्पॉट म्हणतात. मी वनिताचा कान वाकवून बघितलं. तिथली कातडी स्वच्छ होती. मशीन निर्दोष सुटली. मग क्रीम. ट्यूबवरची तारीख बघितली, ठीक होती. अर्धी ट्यूब संपलेली, म्हणजे लावत होती.

"लिंबू चोळलंस का?"

"नाही."

"हळद? ब्लीच? बिब्बा वगैरे?"

"बिब्बा तोंडाले कोन लावते मॅडम?"

"कुठली गोळी सुरू आहे? दिवस राहिलेत?"

"नाही जी."

मी नागपूरला मशीनच्या मालकाला फोन लावला. तो सगळं ऐकून म्हणाला, "मॅडम, पेशंट खोटं बोलतेय. शंभर टक्के उन्हात फिरली. तुम्ही तसं फाइलमध्ये लिहून टाका आणि मोकळ्या व्हा."

मला तेच पटलं. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून पटलं. फोन ठेवला आणि मी तिच्यावर आवाज चढवला. "हे बघ वनिता, डॉक्टरशी खोटं बोलून तुझंच नुकसान आहे. तू उन्हात गेली होतीस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती गप्प बसणारी नव्हती. "खोटं कायले बोलू? तुमी सांगतलं तसं केलं. चहा थंडा करून पेली. वीस दिवस शिळी भाकर खाल्ली. थंड्या पान्यानं आंघोळ केली, या थंडीत. चुलीपाशी पाय नाही ठेवला. खिचडीचं कामसुदिक सोडलं, ऊन चालत नाही म्हनून. अजून काय करू?"

"खिचडीचं काम सोडलं?"

"मंग? चुलीवरच्या तेवढ्या मोठ्या गंजापाशी ऊन नाही लागत का?"

"मग दिवसभर काय करत होतीस?"

"घरी बसून काय करू? कापूस वेचाले जात होती."

"कुठे?"

"वावरात."

"म्हणजे उन्हातच ना."

"नाही नं," ती मला समजावत म्हणाली, "तपनीत."

माझ्या मागे रशीदभाईंनी वही मिटली. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "त्या तरफले ऊन म्हनजे गरम. ऊन पानी, ऊन भाकर. तुमी जे म्हनता, त्याले ते लोक तपन म्हनतेत."

मी खुर्चीत बसले. माझी आईसुद्धा ऊनऊन भात वाढायची, मग मला हे कळू नये? उन्हाला ऊन म्हणतात हे वनितालाही ठाऊक असणार. पण मीच तिला भाजेल, आग होईल असं सांगितलं, आणि त्याच दमात ऊन चालणार नाही म्हटलं. दिवसभर चुलीपाशी काम करणारी बाई त्याचा दुसरा काय अर्थ घेणार? सावलीतलं काम सोडून ती कोवळी कातडी घेऊन वावरात गेली होती, आणि पहाटे लावलेलं क्रीम घामाबरोबर वाहून जात होतं. तिने माझा शब्द न् शब्द पाळला होता, आणि मी तिला खोटारडी म्हटलं होतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. तिला ते नीट कळलं की नाही कोण जाणे. डॉक्टरने असं म्हणायची इकडे सवय नाही.

"हे जाईल का?" तिने विचारलं.

"जाईल. चार-पाच महिने लागतील."

"चार महिने?" ती म्हणाली. "मॅडम, सोमवारी गटाची बैठक हाय. माह्या जागी दुसरीले लावलं हाय. आता हे तोंड घेऊन गेली तर माहं नाव कायमचं कटते. पयले ठिपके होते, आता तर खरंच चट्टे दिसून राह्यले."

सोमवार म्हणजे दुसराच दिवस. या डागांवर एका दिवसात चालेल असं औषध माझ्याकडे नव्हतं आणि कोणाकडेच नव्हतं. मी रशीदभाईंना विचारलं, जीप उद्याही देता का. ते म्हणाले, चला.

दुसऱ्या दिवशी वनिताच्या गावात, शाळेच्या व्हरांड्यात पंधरा-वीस बाया बसल्या होत्या. हेडमास्तर खुर्चीवर. मी ओळख सांगितली आणि भाषण सुरू केलं. हा कुष्ठरोग नाही, ही रंगद्रव्याची प्रतिक्रिया आहे, वगैरे वगैरे. बाया शांतपणे ऐकत होत्या आणि एकीच्याही चेहऱ्यावर काही हलत नव्हतं. शेवटी पुढे बसलेली एक म्हणाली, "मॅडम, ते तुमी म्हनता. आमाले तं चट्टाच दिसते."

मग एकदम आठवलं, की कॉलेजात असताना कुष्ठरोगाच्या वॉर्डात आम्हाला सगळ्यात आधी काय शिकवलं होतं. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला बहुतेक वेळा स्पर्श कळत नाही. तो तपासायला मशीन लागत नाही. कापसाची वात लागते.

"कोणाकडे कापूस आहे का?" मी विचारलं.

पहिल्यांदाच बाया हसल्या. कापूस आहे का म्हणे. ज्या बाईने माझं बोलणं तोडलं होतं तिच्याच पदराला वेचणीतला कापूस चिकटलेला होता. तिने चिमूट काढून दिली. मी वनिताला बाजूला घेऊन विचारलं, सगळ्यांसमोर करू का. ती म्हणाली, करा.

मी तिचे डोळे रुमालाने बांधले, कापसाची बारीक वात वळली आणि गालावरच्या डागाला हलकेच टेकवली. "कुठे लागलं, बोट ठेव." तिने बरोबर तिथेच बोट ठेवलं. दुसरा डाग, तिसरा, नाकाची कड. प्रत्येक वेळी बोट नेमकं. मग ती पुढची बाई उठली आणि माझ्या हातातली वात तिने घेतली. तिला माझा भरवसा नव्हता, आणि ते बरोबरच होतं. तिने चोरटेपणाने कपाळाला लावली. वनिता म्हणाली, "कपाळाले." मग आणखी तिघी-चौघी उठल्या. व्हरांड्यात खेळ झाला नुसता.

मी हेही सांगितलं, की कुष्ठरोग असता तरी तो औषधाने बरा होतो आणि औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागत नाही. तेवढं कोणी ऐकलं असं मला वाटलं नाही.

त्याच बैठकीत वनिताचं काम वनिताला परत मिळालं. पुढचे काही महिने तिने सनस्क्रीन लावलं, तोंडाला सुती ओढणी बांधली आणि तपन टाळली. डाग उतरले. उरलेल्या ठिपक्यांसाठी मी तिला फुकट सिटिंग देते म्हटलं, तर ती म्हणाली, "राहू द्या मॅडम, आता कोनी काही म्हनत नाही." काढलेल्यातले बरेच ठिपके उन्हाळ्यात परत आले, तेही तिने तसेच ठेवले.

त्या सोमवारी निघताना हेडमास्तर मला जीपपर्यंत सोडायला आले होते. साधा, हळू बोलणारा माणूस. जीपचं दार धरून म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. पन ही बाई पयल्या दिवशी तुमच्याकडे आली, तवाच हे चिमूटभर कापसाचं केलं असतं, तर तिच्या तोंडाले मशीन कायले लावा लागत होती?"

तेव्हापासून एवढंच करते, की पेशंट काय काढायला आलाय ते लिहून घेतलं की काहून काढायचंय तेही विचारते, आणि उत्तर संपेपर्यंत मशीनकडे बघत नाही.