बारावं भोक

नाना गेल्याचं पोस्टकार्ड खंडाळ्याहून आलं, त्याला महिना झाला. मागोमाग त्यांची खाकी पुठ्ठ्याची वही आली. सोबत त्यांच्या बायकोची, काकूंची, दोनच ओळींची चिठ्ठी, "तुजी लय आठवन काढायचे. वही तुलाच द्या म्हनाले." ती उघडायचा धीर मला कितीतरी दिवस झाला नाही.

फौजेच्या सिग्नल विभागातून आलेले नाना मिरजेतल्या एका इस्पितळात रेकॉर्ड सांभाळायचे. मी सांगलीहून सायकलनं येणारा त्यांचा कारकून. प्रत्येक रोग्याचं एक कार्ड, कार्डाच्या कडेला भोकांची रांग, एका भोकाचा एकच अर्थ. तो लागू असेल तर भोक कडेपर्यंत कातरायचं. मग त्या भोकातून गठ्ठ्यात सुई घालून उचलली, की कातरलेली कार्डं तेवढी खाली पडत. कुठल्या भोकाचा काय अर्थ, ते नानांच्या वहीत. "भोक नंबरानं वळखू नगं गड्या, नावानं वळख. आन् वही बघितल्याबिगर कात्री लावू नगं," हे ते रोज बजावत. "आवं नाना, समदं पाठ हाय माझं," मी हसून म्हणायचो. मला ते फौजी खूळ वाटायचं.

नाना पंधरा दिवस रजेवर गेले आणि नेत्रशिबिराच्या कार्डांवर खूण करायचं काम माझ्याकडे आलं. वही टेबलावरच होती. बारावं भोक अजून मोकळं आहे, या आठवणीवर भिस्त ठेवून मी नेत्रशिबिरासाठी तेच कातरत सुटलो... बारावं होतं 'पेनिसिलिन सोसत नाही' याचं. डोळ्यांच्या प्रत्येक रोग्याला पेनिसिलिन वर्ज्य दिसू लागलं, तसे डॉक्टर वैतागले आणि त्या खुणेकडे बघेनासे झाले. त्याच आठवड्यात जतकडची एक धनगरीण पेनिसिलिनच्या इंजेक्शननंतर गेली. तिच्या कार्डावरची खूण खरी होती.

"भोकं कुणी ठरवली?" चौकशीत साहेबांनी विचारलं. "मीच," नाना म्हणाले. "मग वही कुठंय?" "सापडत न्हाई, साहेब." मी शेजारी उभा होतो. माझं लग्न ठरलं होतं. मी तोंड उघडलं नाही, उलट वही हरवल्याचं ऐकून मला हायसं वाटलं. नानांना घरी बसवलं. आता त्याच साहेबांनी शोकसभेत त्यांच्या फोटोला हार घातला म्हणे. जिवंतपणी हाकलायचं आणि मेल्यावर हार घालायचे!

मी हल्ली पुण्यात संगणकाचे प्रोग्राम लिहितो. तिथंही एकाच आकड्यात हो-नाहीच्या खुणांची अशीच रांग असते. प्रत्येक खुणेला मी नाव देतो, सगळी नावं एकाच जागी लिहितो, एका खुणेवर दुसरा अर्थ कधी चढवत नाही. वरिष्ठ शाबासकी देतात. ही शिस्त कुणाची, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

परवा वही उघडली. बारा: पेनिसिलिन सोसत नाही. त्याखाली नानांच्या ठसठशीत अक्षरात, रजेवर जायच्या आदल्या दिवसाची तारीख घालून लिहिलेलं... तेरा: नेत्रशिबिर. हे एक पान साहेबांपुढं ठेवलं असतं तर नाना सुटले असते आणि मी गेलो असतो. वही सापडत नाही म्हणाले, तेव्हा ती त्यांच्याच पिशवीत असणार.