चाळीस सुखी बायका

वाळूजच्या एका गल्लीतल्या चाळीस बायका तीन दिवसांत सुखी झाल्या, आणि त्याला जबाबदार मी. शेजारच्या चारुताताईंची गाडी बिघडली म्हणून मी त्यांना माझ्या गाडीतून पाहणीला नेलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. म्हणून मीही प्रत्येक घरात जाऊन बसलो, पाणी प्यालो आणि बाईंनी उत्तर दिलं की "वा!" म्हणालो.

असली उत्तरं गोळा करण्यातच ताईंचं आयुष्य गेलं. इंग्लंडात डॉक्टरेट, मग ढाका, काठमांडू, नैरोबी. जाईल तिथं बायकांना विचारायचं, दिवस कसा जातो, घरात शब्द कुणाचा चालतो. वडील वैजनाथराव शहागंजात भेटेल त्याला सांगत, "आमची चारुता परक्या घरात चौकश्या करते, आणि वर पगार घेते!" त्यांच्यासाठीच ताई परत आल्या. ते गेले. चौदाव्या दिवशी ताईंनी तिमाही अहवाल पाठवला, मुदतीच्या एक दिवस आधी.

वाळूजच्या पाहणीत ताईंचा प्रश्न होता, 'माहेरी कधी जायचं, कोण ठरवतं?' चाळीसही जणींचं उत्तर एकच: दोघं मिळून. ताईंना पगार देणारी परदेशातली कचेरी खूश. एवढी सुधारणा दिसते म्हटल्यावर प्रकल्प आणखी तीन वर्षं चालणार, म्हणजे ताईंची नोकरीही.

ताईंना ते पटेना. त्या पुन्हा आवडाबाईंच्या दारात गेल्या. मी गाडीत, काच खाली.

"आवडाबाई, खरं सांगा, कोण ठरवतं?"

"सासू. ती नाय म्हणली की नाय."

"मग तेव्हा तसं का सांगितलं?"

"अवो ताई, परका गडी समोर मांडी घालून बसलेला. त्याच्यापुढं घरचं चव्हाट्यावर मांडू व्हय? अन् लई खूश होत हुता बिचारा!"

ताईंनी चाळीसही फॉर्म रद्द केले. कारण लिहिलं: मुलाखतीच्या वेळी पुरुष हजर. आठवड्याभरात उत्तर आलं. पुरावा अपुरा, प्रकल्प बंद.

मी गेलो तेव्हा ताई भेंडी चिरत होत्या, सगळे तुकडे एका मापाचे.

"ताई, पंचवीस वर्षांचं काम माझ्या मांडीपायी बुडालं. शिव्या तरी द्या! काहीच वाटत नाही का तुम्हाला?"

"अजून नाही, वाटलं की फोन करते."