कोरड्या नाल्यातलं पाणी

वनरक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक पेठ तालुक्यात झाली. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि हे सांगायला मला अजूनही आवडतं. आमचं गाव सायखेडा. जवळच गोदावरी, त्यामुळे पाणी येतं कुठून, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

त्या उन्हाळ्यात डोंगरावर सागाची तोड चालू होती. नियम मला पाठ होता: नाल्याकाठची झाडं तोडायची नाहीत, ओंडके नाल्यातून ओढायचे नाहीत. एके सकाळी जाऊन बघते तर मुकादमाने बैल जुंपून काही ओंडके नाल्यातूनच उतरवलेले. वाट जवळची पडते ना!

"बंद करा," मी म्हटलं.

"मॅडम, नाला कोरडा हाय. पानीच नाय तं खराब काय व्हनार?"

मुकादम खालच्याच पाड्यावरचा, हसतमुख माणूस. त्याने हे भांडायला विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर नियमामागचं कारण मलाही माहीत नव्हतं. नियम आहे म्हणून बैल थांबतात, प्रश्न थांबत नाही.

खालच्या वळणावर पाड्यातल्या बायका पाणी भरत होत्या. वाळूत हातभर खोल खड्डा, त्याला झिरा म्हणतात. साचलेलं गढूळ पाणी आधी वाटीने उपसून टाकायचं. मग वाळूतून सावकाश नितळ पाणी झिरपतं, ते हंड्यात. उन्हाळ्यात पाड्याला प्यायला एवढंच पाणी. मी वाकून बघतच राहिले. वरून कोरडा दिसणारा नाला आतून वाहत होता!

"म्हणजे तुमचे ओंडके गेले तिथेही वाळूखाली पाणी असणार," मी मुकादमाला म्हटलं. "खणून बघायचं?"

"बघू की. उपसलं का साफ व्हतं, मॅडम. जिंदगी गेली आमची यात."

त्याने दोन खड्डे खणले. एक ओंडके ओढले तिथे, दुसरा थोडा वर, जिथे बैल गेलेच नव्हते. वरचा एकदा उपसला आणि तळाची वाळू दिसायला लागली. खालच्यात मात्र लाल चिखल. खुरांनी आणि ओंडक्यांनी काठाची माती आत आणून वाळूत दाबली होती. उपसलं, पुन्हा चहासारखं पाणी. परत उपसलं, तेच.

"थांबा, आजून एकदा," मुकादम म्हणाला. आता त्यालाच माझ्यापेक्षा जास्त उत्सुकता.

तेवढ्यात त्याची बायको रिकामा हंडा घेऊन आली. "काय, हीर खनतोस का?" तिने खड्ड्यात डोकावलं, मग खालच्या झिऱ्याकडे पाहिलं. "हे पानी आमच्याकडंच येनार ना? मंग उद्यापून तूच भर. वाटी मी देते."

सगळे हसले. मुकादमही हसला, पण थोडं उशिरा. मग त्याने बैल सोडले.

उरलेले ओंडके डोंगराच्या धारेवरून, लांबच्या वाटेने उतरले. माणसं कुरकुरली. नाल्यात पडलेली माती त्यांनी दिवसभर पाट्यांनी काठावर टाकली, मीही टाकली.

तरी मला चैन नव्हती. वाळू परत तशीच गाळते का, हे बघायला मी दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या लाल चिखलाच्या खड्ड्यावर गेले. मुकादम आधीच तिथे वाकून बसलेला.

"आलं का नितळ?" मी विचारलं.

त्याने वाटी भरून माझ्यापुढे धरली; पाण्यातून वाटीचा तळ दिसत होता. "तुमीच बघा."